सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा कसा तपासावा: नोंद आधी, नाव शेवटी

चूक नेहमी एकाच जागी होते. हाडासारखं काही हातात आलं की पहिल्या पाच मिनिटांत नाव ठरतं आणि मग त्या नावाला जुळणाऱ्या खुणा शोधायला सुरुवात होते. न जुळणाऱ्या खुणांकडे कुणी बघत नाही.

मी सोलापुरात भूशास्त्र शिकवतो. गेल्या हिवाळ्यात कच्छच्या सहलीहून परतलेले एक गृहस्थ टॉवेलात गुंडाळलेला गोल, जड दगड घेऊन आले. "सर, डायनोसॉरचा मणका आहे," हेच पहिलं वाक्य. मणका होता, हे खरं. पण घरी आल्यावर त्यांनी तो कपड्याच्या साबणाने आणि प्लास्टिकच्या ब्रशने खसाखसा घासला होता, वर फर्निचरचं वॉर्निशही मारलं होतं. हेतू चांगलाच होता, पण मणक्याला चिकटलेला जो राखाडी खडक त्याचं वय सांगणार होता, तो मोरीतून वाहून गेला. खाली टप्प्याटप्प्याने जे लिहिलंय त्यात हा मणका अधूनमधून येईल.

इथे मुख्यतः तीन गटांबद्दल बोलू: इक्थिओसॉर (माशासारख्या आकाराचे), प्लेसिओसॉर (चार वल्ह्यांचे, अनेकदा लांब मानेचे) आणि मोसासॉर (घोरपडीच्या नात्यातले). तिघेही समुद्रात राहणारे सरीसृप, म्हणजे सरपटणारे प्राणी, आणि तिघांपैकी एकही डायनोसॉर नाही.

## आधी पायाखालचा दगड ओळखा

सोलापूर शहर आणि जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर बसलाय. तो लाव्हा थिजून झालेला खडक आहे. विहीर खणताना कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर सुटणारे गोल धोंडे निघतात, ती अंडी नव्हेत. बेसॉल्ट झिजतोच तसा. पोकळ्यांत चमकणारे पांढरे खडे दात नव्हेत, ते स्फटिक आहेत. शहाबादी फरशीवर दिसणारी फांद्यांसारखी काळी नक्षी ही वनस्पती नाही, ती भेगांत शिरलेल्या मँगनीजची आहे. मुळात ती चुनखडी मणक्याचे प्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीची आहे. सीना-भीमेच्या काठच्या गाळात खरी हाडं मिळू शकतात, पण ती गुरं, हरणं, हत्ती अशा सस्तन प्राण्यांची.

म्हणजे सोलापुरात तुमच्यासमोर सागरी सरीसृपाचा सांगाडा आला तर तो बाहेरून आलाय: कच्छहून, तमिळनाडूतल्या अरियालूर भागातून, परदेशी विक्रेत्याकडून, किंवा एखाद्या संग्रहालयाच्या कपाटातून. कुठून आला, हा म्हणूनच पहिला प्रश्न.

## टप्पा १: टेबल मांडा

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्निअर कॅलिपर, मापनफीत, रंगकामाचा मऊ ब्रश, बांबूच्या काड्या, आलेख कागद, न पुसणारी शाई, दोऱ्याचे टॅग, अतिनील टॉर्च. नमुना थेट टेबलावर ठेवू नका. पॉवरलूमच्या चिंध्यांच्या छोट्या पिशव्या शिवून त्यात कोरडी, चाळलेली वाळू भरा. हाड त्यावर हवं तसं टेकतं आणि दाब एका बिंदूवर येत नाही. धान्य भरू नका, किडे होतात.

उजेडाचं महत्त्व लोकांना पटत नाही. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात हाडावरचे उंचवटे सपाट दिसतात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर खिडकीतून तिरपा उजेड येऊ द्या, नाहीतर टेबललॅम्प टेबलाच्या पातळीला आणा. जी खाच दुपारी दिसत नव्हती ती सावली टाकायला लागते.

सावधान: पाणी, साबण, वॉर्निश, झटपट चिकटणारा डिंक यांतलं काहीही लावू नका. हाड भुगा होत असेल तर संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळ ॲसिटोनमध्ये पातळ करून वापरतात, कारण ते नंतर विरघळवून काढता येतं. तेही पहिल्यांदाच करत असाल तर जाणकाराच्या देखरेखीखाली करा.

मातकट खडकातला नमुना उन्हात वाळवायला ठेवू नका. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओलसर शेल (चिकणमातीचा पापुद्र्यांचा खडक) काही तासांत तडकतो आणि हाडही त्याबरोबर फुटतं. उलट पावसाळ्यात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असलेला नमुना दमट हवेने बिघडतो. पिवळट-पांढरी भुकटी आणि गंधकासारखा वास जाणवला की नमुना कोरड्या, बंद डब्यात वेगळा ठेवा.

## टप्पा २: हात लावण्याआधी कागद

नमुन्याला क्रमांक द्या. कुठे, कधी, कुणाला, कोणत्या थरात सापडला हे सापडणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. "भूजच्या पूर्वेला, ओढ्याच्या डाव्या काठावर, सुटा पडलेला" हे "कच्छ" या एका शब्दापेक्षा हजारपट उपयोगी. माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहा, अंदाज लिहू नका.

मग फोटो. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, पुढून, मागून. प्रत्येकात मोजपट्टी, आणि ती हाडाच्या उंचीला ठेवलेली, खाली टेबलावर नाही. मोबाइल जवळ नेला की कडा फुगतात. दोन हात मागे सरका आणि झूम करा. शेजारी ठेवलेलं नाणं किंवा पेन ही मोजपट्टी नव्हे.

पूर्ण सांगाडा असेल तर त्यावर दोऱ्याची चौकट आखा आणि आलेख कागदावर प्रत्येक हाड आहे त्या जागी काढा. दोन हाडं एकमेकांना चिकटलेली आहेत, जवळ आहेत की दूर फेकली गेलीत, हे फक्त या नकाशात राहतं. एकदा हाडं उचलली की ती माहिती परत मिळत नाही.

तपासा: तुमची वही तिसऱ्या माणसाच्या हाती दिली तर तो नमुना न पाहता त्याचं चित्र काढू शकेल का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: खडक आणि त्याचे शेजारी

हाडाआधी खडक वाचा. चिकणमातीचा शेल, वालुकाश्म की चुनखडी? सुट्या पडलेल्या खडकाच्या कपचीवर (हाडावर कधीच नाही) व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. आम्लाने हाडही विरघळतं, म्हणून कपची वेगळी घ्यायची.

मग सोबती शोधा. देवघरातला खरा शाळिग्राम आठवा, पंढरपूरच्या दुकानांत विकायला असतो तसा: काळ्या गोट्यात गुंडाळीसारखं चक्र. तो ॲमोनाइट आहे, समुद्रातला शंखधारी प्राणी. तसंच चक्र किंवा त्याचा ठसा तुमच्या खडकात दिसला तर खडक सागरी आहे आणि ६.६ कोटी वर्षांपेक्षा जुना आहे हे जवळपास ठरलं. ॲमोनाइटची जात ओळखता आली तर वय आणखी नेमकं होतं.

वयाची चाळणी अशी: इक्थिओसॉर सुमारे २५ कोटी वर्षांपासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत. प्लेसिओसॉर सुमारे २० कोटींपासून ६.६ कोटींपर्यंत. मोसासॉर फक्त क्रेटेशियसच्या (डायनोसॉर-युगातल्या शेवटच्या कालखंडाच्या) उत्तरार्धात, ६.६ कोटींवर संपलेले. व्हेल त्यानंतरचे.

कच्छच्या बाबतीत ही चाळणी फारच कामाची आहे, कारण तिथे ज्युरासिक (क्रेटेशियसच्या आधीच्या कालखंडातले) सागरी खडकही आहेत आणि त्यांच्यापेक्षा दहा कोटी वर्षांनी तरुण असलेले, व्हेल आणि सापांचे खडकही. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतून मिळालेले वासुकी इंडिकस या अजस्र सापाचे मणके आधी मगरीचे समजले गेले होते. २०२४ साली त्यांचं खरं वर्णन प्रसिद्ध झालं. ते खडक सुमारे ४.७ कोटी वर्षांचे. तिथला वाटी-गोळ्याचा (एका तोंडाला वाटी, दुसऱ्याला गोळा असलेला) मणका मोसासॉरचा असूच शकत नाही, आणि हे सांगायला हाड बघावंही लागत नाही.

टॉवेलातल्या मणक्याच्या बाबतीत खडक गेला होता. फक्त मज्जारज्जूच्या खाचेत, जिथे ब्रश पोहोचला नव्हता, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी कण उरला होता. त्याला मी हात लावला नाही.

## टप्पा ४: हाड आहे का, आणि खरं आहे का

तुटलेली कड भिंगाखाली धरा. हाडात बाहेरून घट्ट कवच आणि आत स्पंजसारखी जाळी दिसते. दगडात ती नसते. रंग आणि वजन यांवर अजिबात विसंबू नका.

नेहमी फसवणाऱ्या गोष्टी: बेलेम्नाइट, म्हणजे माकूळवर्गीय प्राण्याच्या आतलं गोळीसारखं टोकदार कवच, "दात" म्हणून येतं, तोडल्यावर त्यात मध्यापासून बाहेर जाणाऱ्या किरणांसारख्या रेषा दिसतात, दातात तशा नसतात. भेगाळलेले गोल गोटे "कासवाची पाठ" म्हणून येतात.

विकत घेतलेल्या नमुन्याला जास्त वेळ द्या. मोरोक्कोतून येणाऱ्या मोसासॉरच्या जबड्यांत अनेकदा दात खरे आणि बाकी सगळं वाळू-डिंकाचं असतं. चीनमधला कीचोसॉर नावाचा छोटा ट्रायासिक (ज्युरासिकच्याही आधीच्या काळातला) सरीसृप कोरून, रंगवून विकला जातो. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवा. डिंक आणि रंग बहुतेक वेळा हाडापेक्षा वेगळे उजळतात. खडकात हवेचे बुडबुडे दिसले तर तो ओतलेला आहे. खडकातली भेग हाडातूनही सरळ जायला हवी. हाडापाशी येऊन थांबत असेल तर हाड नंतर बसवलंय. संग्रहालयातला सांगाडा पूर्णच्या पूर्ण साच्यातून ओतलेली प्रतिकृती असू शकतो: साच्याची शिवण शोधा, टवका उडालेल्या जागी आतला पांढरा प्लास्टर बघा.

## टप्पा ५: डोकं कुठे, शेपूट कुठे

हा टप्पा लोक गाळतात. एडवर्ड कोपसारख्या मोठ्या अभ्यासकाने १८६०च्या दशकाच्या अखेरीस इलास्मोसॉरसचं (लांब मानेच्या एका प्लेसिओसॉरचं) डोकं शेपटीच्या टोकाला बसवलं होतं, म्हणून हे क्षुल्लक समजू नका.

सुट्या मणक्यात आधी वर-खाली ठरवा. मज्जारज्जूची खाच वर. मग सलग असलेले मणके मोजा आणि प्रत्येकाची लांबी, उंची, रुंदी कॅलिपरने घ्या. लांबी म्हणजे पुढच्या तोंडापासून मागच्या तोंडापर्यंतचं अंतर; तोंड म्हणजे शेजारच्या मणक्याला टेकणारी बाजू. हीच तीन मापं सगळीकडे एकाच क्रमाने लिहा. मधेच क्रम बदलला की सगळी वही वाया.

आता आलेख काढा: आडवा मणक्याचा क्रमांक, उभी उंची. खऱ्या एकाच प्राण्यात रेषा हळूहळू चढते, हळूहळू उतरते. मधेच एकदम उडी असेल तर तीन शक्यता: मणके हरवलेत, क्रम चुकलाय, किंवा दोन प्राणी मिसळलेत. इक्थिओसॉरमध्ये शेपटीच्या एका जागी पाचरीच्या आकाराचे मणके येतात आणि तिथे कणा खाली वाकतो. तो मोड खरा आहे. मोडकं समजून सरळ करू नका.

## टप्पा ६: मणका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कवटी क्वचित मिळते, मणके नेहमी मिळतात.

मणक्याचा मुख्य गोल भाग, म्हणजे गाभा, घ्या आणि दोन्ही तोंडं तिरप्या उजेडात बघा.

दोन्ही बाजूंनी खोल खळगे, आणि लांबी उंचीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, म्हणजे कॅरमच्या जाड सोंगटीसारखा आकार: इक्थिओसॉरची शक्यता. मज्जारज्जूवरची हाडी कमान गाभ्याला जुळून गेलेली नसते, म्हणून गाभा सुटाच सापडतो आणि वर खाचेच्या दोन्ही कडांना खडबडीत पट्टे दिसतात.

तोंडं सपाट किंवा अगदी उथळ खोलगट, आणि खालच्या बाजूला शेजारी-शेजारी दोन छिद्रं: प्लेसिओसॉर. ही जोडछिद्रं बहुतेक वेळा असतात आणि मातीने बुजलेली असतात. बांबूच्या काडीने हलकेच टोकरा. खाली न बघताच नमुना परत ठेवणारे मी फार पाहिलेत.

पुढे वाटी, मागे गोळा: मोसासॉर. पण घोरपड आणि साप यांचे मणकेही असेच, म्हणून टप्पा ३ मधल्या वयाशिवाय हे नाव लिहायचं नाही.

उथळ खोलगट तोंडं, पण गाभा रिळासारखा लांबट: ज्युरासिक सागरी मगर असू शकते. सपाट तोंडं, टोकांवर वेगळ्या पातळ चकत्या किंवा त्या गळून पडल्याच्या, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेषांच्या खुणा: सस्तन प्राणी, बहुधा व्हेल.

सावधान: मासे. शार्कचा मणकाही दोन्हीकडे खोलगट चकतीच असतो. हाडांच्या माशांचाही तसाच, मधोमध बारीक छिद्र आणि कडेला खळगे-दांड्यांची जाळी असलेला. इक्थिओसॉर म्हणायचं तर कडेला बरगडी बसण्याचे उंचवटे दिसलेच पाहिजेत. धडाच्या मणक्यात प्रत्येक बाजूला दोन, शेपटीच्या मणक्यात एकच.

टॉवेलातला मणका: उंची ८४ मिलिमीटर, रुंदी ८६, लांबी ३३. दोन्ही तोंडं खोल. वॉर्निशमुळे कडा चमकत होत्या आणि उंचवटे दिसेनात. लॅम्प टेबलाला टेकवला, मणका वाळूच्या पिशवीवर हळूहळू फिरवला, तेव्हा डाव्या कडेला एकाखाली एक दोन छोट्या सावल्या पडल्या. उजवीकडेही दोन. वरचा उंचवटा कमानीच्या पट्ट्यापासून सुटा होता. म्हणजे मासा नाही. आणि जागा धडाच्या मागच्या अर्ध्यातली. हे कळायला चाळीस मिनिटं लागली.

## टप्पा ७: वल्हं आणि कंबर

इक्थिओसॉरच्या वल्ह्यात, म्हणजे पोहण्यासाठी बदललेल्या पायात, बोटांची हाडं गोल किंवा बहुकोनी, फरशीच्या तुकड्यांसारखी एकमेकांना भिडलेली. प्लेसिओसॉरमध्ये तीच हाडं मध्ये बारीक, डमरूसारखी. दंड आणि मांडीची हाडं टोकाला पसरट आणि एकमेकांसारखीच, त्यामुळे पुढचं-मागचं वल्हं सहज चुकतं. खांद्याच्या आणि कमरेच्या खालच्या बाजूला ताटासारखी मोठी सपाट हाडं असतील तर प्लेसिओसॉर.

सुटी पसरट हाडं कासवाच्या कवचाशी गोंधळतात. कड शिवणीसारखी दातेरी आहे का ते बघा. असेल तर कासवाकडे झुका.

## टप्पा ८: कवटी आणि दात

कवटीची मागची बाजू आधी. मानेशी जोडणारा गोळा एक असेल तर सरीसृप, दोन असतील तर सस्तन. व्हेल की सरीसृप हा वाद इथेच मिटतो.

लांब निमुळतं तोंड, प्रचंड डोळा आणि डोळ्यालगत नाकपुडी हे इक्थिओसॉरचं रूप. डोळ्यात हाडांच्या पट्ट्यांचं कडं दिसलं म्हणून लगेच नाव घेऊ नका, मोसासॉरमध्येही ते असतं. मोसासॉरच्या खालच्या जबड्यात मधोमध एक सांधा असतो आणि टाळूवर दातांची आणखी एक रांग. त्याचा दात फुगीर हाडी बुंध्यावर उभा असतो. इक्थिओसॉरच्या दाताच्या मुळाशी उभ्या घड्या पडलेल्या असतात. प्लेसिओसॉरचा दात सडपातळ, बाकदार, बारीक उभ्या रेघांचा.

दातांवरून आहार सांगता येतो, जात क्वचितच.

## टप्पा ९: नाव, आणि कुठे थांबायचं

आता वही उघडा आणि दोन स्तंभ करा: कोणत्या खुणा या गटाच्या बाजूने, कोणत्या विरुद्ध. विरुद्धचा स्तंभ रिकामा असेल तर तुम्ही नीट शोधलेलं नाही.

पुरावा जिथपर्यंत नेतो तिथपर्यंतच लिहा. कच्छमधल्या लोदाई गावाजवळ सापडलेला इक्थिओसॉर सुमारे साडेपाच मीटर लांब, बऱ्यापैकी पूर्ण होता. २०१७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध करताना संशोधकांनी ऑफ्थॅल्मोसॉरिडी या कुळापर्यंतच, तेही तात्पुरतं, नेलं. उलट ब्रिटिश जीवाश्म अभ्यासक रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये तिरुचिरापल्ली भागातल्या मणक्यांवरून इक्थिओसॉरस इंडिकस ही नवी जात नोंदवली. आज ते नाव संशयास्पद मानलं जातं, कारण मणक्यांवरून ती जात इतरांपासून वेगळी काढता येत नाही.

सांगाडा जमिनीत असेल तर खणू नका. अक्षांश-रेखांश नोंदवा, मातीने झाका, जमीनमालकाला सांगा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग गाठा. आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात असा विभाग आहे.

टॉवेलातल्या मणक्याच्या टॅगवर शेवटी असं लिहिलं:

"इक्थिओसॉर, कुळ ठरवता येत नाही. धडाच्या मागच्या भागातला मणका, एक. उंची ८४, रुंदी ८६, लांबी ३३ मिमी. जागा: भूज परिसर, ओढा, नेमकं ठिकाण माहीत नाही. खडक: मूळ खडक धुतला गेला, मज्जारज्जूच्या खाचेत एक कण शिल्लक, काढू नये. वर लाकडाचं वॉर्निश."